नको म्हटलं तो जून

चौकात पुन्हा फ्लेक्स लागलेत. निकाल लागला की नांदेडच्या प्रत्येक वळणावर पोरापोरींचे चेहरे उगवतात. परवापर्यंत पासपोर्ट फोटोत मावणारी ही मुलं एकदम दहा-दहा फुटांची होऊन उभी राहतात. खाली मार्क, आणि त्याखाली चेहऱ्यापेक्षा मोठ्या अक्षरात क्लासचं नाव. जून अर्धा सरलेला असतो, पण ऊन जागचं हलत नाही. दुपारी डांबर चपलेला धरून ठेवतं. झेरॉक्सच्या दुकानांपुढं आई-बाप फायली छातीशी धरून उभे असतात. मूळ कागद एका पिशवीत, झेरॉक्स दुसऱ्या पिशवीत, आणि दोन्ही पिशव्यांवर एकदम नजर.

सिग्नलला स्कूटी उभी करून मी त्या चेहऱ्यांकडं बघते. मत्सर वाटत नाही. खरं सांगायचं तर कौतुकही फारसं वाटत नाही. मला आठवतात ती फ्लेक्सवर न आलेली पोरं. आठ वर्षांपूर्वीच्या जूनमध्ये मी त्यांच्यात होते. फरक एवढाच, की त्या जूनमध्ये मी घरात उभी राहून ‘नको’ म्हटलं होतं.

आमचं गाव भोकर तालुक्यातलं. पप्पा विजेच्या खात्यात लाइनमन, आई शेतात. आमच्याही आणि दुसऱ्यांच्याही. दहावीला मी शाळेत पहिली आले तेव्हा विहारात माझा सत्कार झाला. निळ्या कापडाच्या टेबलामागं बसलेले एक गुरुजी भाषणात म्हणाले, “ही आपल्या वस्तीतली पहिली डॉक्टर होणार.” टाळ्या वाजल्या. पप्पांनी मान खाली घातली, कारण त्यांचे डोळे भरले होते. डॉक्टर व्हायचंय का, हे मला कुणी विचारलं नव्हतं. पण सगळे वाजवत होते म्हणून मीही टाळ्या वाजवल्या.

पुढचं सगळं त्या टाळ्यांनीच ठरवलं. नायगावला ग्रामसेवक असलेले माझे मामा आमच्या घरातले फॉर्म भरणारे. अकरावीच्या फॉर्मवर विषय लिहायची वेळ आली तेव्हा ते म्हणाले, “डॉक्टरला गणित कशाला पायजे? उगं डोक्याला ताप.” आणि माझ्या आवडीचं गणित त्यांनी एका फुलीनं काढून टाकलं. ते वाईट माणूस नव्हते. आजही नाहीत. त्या घरात माझं वाईट चिंतणारं एकही माणूस नव्हतं, आणि खरी अडचण तीच होती. शत्रूशी भांडता येतं. आपल्या नावानं उपास धरणाऱ्या माणसांशी कसं भांडायचं, हे कुठल्याच क्लासात शिकवत नाहीत.

बारावीनंतर नीटला मार्क कमी पडले. मग रिपीटर म्हणून लातूर.

लातूरचं ते वर्ष आठवलं की आधी आठवतो वाळ्याच्या ताट्यांचा ओला वास आणि त्या वासाखालचा शंभर पोरींच्या घामाचा वास. होस्टेलच्या खोलीत तीन कॉट, तीन लोखंडी कपाटं, भिंतीवर चिकटवलेली तीन वेळापत्रकं. टँकर आला की खालून कुणीतरी ओरडायचं आणि आम्ही पुस्तकं उघडी टाकून बादल्या घेऊन पळायचो. सकाळी मेसमध्ये नाश्त्याला सुशीला असायचा. मुरमुरे भिजून गार झालेले, तरी त्यातल्या शेंगदाण्यांसाठी आम्ही रांग लावायचो. क्लासात बसायची जागासुद्धा मार्कांवर ठरायची. पुढच्या बॅचच्या ओळखपत्राला निळी रिबन, मधल्यांना हिरवी, आमच्या मागच्यांना राखाडी. रस्त्यात चहाच्या टपरीवरचा माणूससुद्धा रिबन बघून बोलायचा. राखाडीला तो म्हणायचा, “होईल गं बाई, होईल.” त्या ‘होईल’चा मला राग यायचा. त्यात खात्री होती की व्हायचं नाही.

मी आळशी नव्हते. पण पुस्तकातल्या हृदयाच्या चार कप्प्यांपेक्षा मला होस्टेलच्या पाण्याचा घोळ जास्त खुणावायचा. टँकर कधी येतो, कोणत्या मजल्याला पाणी पुरत नाही, का पुरत नाही, हे मी वहीच्या शेवटच्या पानावर लिहून काढलं होतं. मग वरच्या मजल्याच्या पोरींनी आधी भरायचं आणि खालच्यांनी नंतर, अशी पाळी मी लावून दिली. आठवड्याभरात भांडणं थांबली. याला काही नाव असतं, हे तेव्हा ठाऊक नव्हतं. मला वाटायचं, ही अभ्यास टाळायची माझी पद्धत आहे.

फेब्रुवारीतल्या एका रविवारी क्लासनं सराव परीक्षा संगणकावर घेतली. खाली साठ मशीन लावलेली नवी लॅब होती. तास होतो न होतो तोच पडदे गोठले. कुणाची पन्नास उत्तरं गेली, कुणाची नव्वद. एक पोरगी माउस टेबलावर आपटत रडायला लागली. सर बाहेर फोनवर कुणावर तरी ओरडत होते. गोंधळ चालू असताना मला एक गोष्ट खटकली. सगळी मशीन एकाच वेळी बंद पडली नव्हती. भिंतीकडची रांग आधी, मग दुसरी, आणि दाराजवळची दहा तर शेवटपर्यंत चालू होती. मी कागद फाडून चिठ्ठ्या केल्या आणि पोरींना वाटल्या. मशीन नंबर, कितव्या प्रश्नाला अडकलं, घड्याळात किती वाजले होते, एवढंच लिहायचं. चाळीसेक चिठ्ठ्या आल्या. खोलीवर बसून मी त्याचा एक तक्ता केला आणि सरांना नेऊन दिला. त्यांनी तो न बघता परत केला. “एवढा वेळ बायोला दिला असता तर रिबन बदलली असती.”

सोमवारी ज्या कंपनीनं ती यंत्रणा बसवली होती, तिची माणसं आली. दोन पोरं आणि एक तिशीतली बाई. साधा कुर्ता, पाठीवर बॅग, हातात पेन. नाव रेणुका. मूळची उदगीरची, कामाला पुण्यात. मी लॅबच्या दारात घुटमळत होते. धीर करून तक्ता पुढं केला. तिनं तो पूर्ण वाचला. एकदा वरून खाली, एकदा डावीकडून उजवीकडं.

“हे कुणी केलं?”

“मी.”

“कुणी सांगितलं होतं?”

“कुणी न्हाई.”

तिनं शेजारची खुर्ची ओढली. “बस इथं.”

तो सगळा दिवस मी तिथं बसले. तास बुडवला. ती कीबोर्डला फारसा हातही लावत नव्हती. भिंतीवर तिनं एक मोठा कागद चिकटवला, त्यावर कामं लिहिली, प्रत्येक कामापुढं एक नाव आणि एक वेळ. मग एकेकाला फोन. पुण्यातल्या कुणाला तरी ती म्हणाली, “चारपर्यंत होईल का? नाही होणार? मग ते मला आत्ता सांग, चार वाजता सांगू नको.” आवाज चढला नाही. एकदाही नाही. क्लासचे संचालक येऊन तावातावानं बोलले, तेव्हा ती म्हणाली, “सर, तुमचा राग बरोबर आहे. आता मला दोन वाजेपर्यंत कुणी आत येऊ देऊ नका.” आणि तो धिप्पाड माणूस गपगुमान बाहेर जाऊन उभा राहिला. भिंतीकडच्या रांगेचं जोडणीचं यंत्र खराब निघालं. माझ्या तक्त्यानं तिकडंच बोट दाखवलं होतं. संध्याकाळी साठही मशीन चालू झाली आणि आदल्या दिवशीची बरीचशी उत्तरं परत मिळाली.

जाताना मी विचारलं, “तुम्ही इंजिनिअर हायत का?”

“शिकलेय. पण आता मी कोड लिहीत नाही. दहा माणसांनी मिळून करायचं काम ठरल्या दिवशी पुरं होईल, हे बघते. प्रोजेक्ट मॅनेजर म्हणतात.”

“ह्याचे पैशे देतात?”

ती इतकी हसली की तिच्याबरोबरची पोरं वळून बघायला लागली. मग तिनं माझ्या वहीवर आपला नंबर लिहून दिला. म्हणाली, “आमच्यात ही गोष्ट माणसाला शिकवायला दोन वर्षं लागतात. तू चिठ्ठ्या वाटून करायलीस.” ‘करायलीस’ हे तिनं मुद्दाम आपल्याकडचं म्हटलं होतं. पुण्यात राहून तिनं ते टाकलं नव्हतं.

मे महिन्यात मी परीक्षा दिली. प्रामाणिकपणे दिली, जीव लावून दिली, हे इथं लिहून ठेवते. कारण पुढं कित्येक वर्षं लोक म्हणत राहिले की हिनं मुद्दाम पेपर घालवला. मार्क वाढले, पण सरकारी जागेला पुरेसे नव्हते.

निकालाच्या दुसऱ्या दिवशी मामा सकाळच्या एसटीनं आले. पप्पांनी रजा टाकली होती. पंखा बंद होता. लाइनमनच्या घरातसुद्धा लाइट जाते. आईनं चहा ठेवला आणि दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिली. मामांनी तिसऱ्या प्रयत्नाची सगळी आखणी तयार करून आणली होती.

“थोडक्यात गेलं. औंदा काढतीच बघा पोरगी. मी क्लासवाल्याशी बोलून आलोय.”

पप्पा म्हणाले, “हाव. अजून एक वर्ष. काय होतंय त्याला.”

मी म्हटलं, “मला नको.”

“नको म्हंजे? थकली असशील. दोन दिवस झोप काढ.”

“थकले न्हाई, पप्पा. मला डॉक्टर व्हायचं न्हाई.”

मामा समजुतीच्या सुरात म्हणाले, “जमलं न्हाई म्हणून असं वाटतंय तुला.”

“जमलं असतं तरी नको होतं.”

तेव्हा मला एक गोष्ट कळली आणि ती आजवर पुरली आहे. नापास झालेल्या मुलीवर दया करता येते, तिला जवळ घेता येतं. ‘नको’ म्हणणाऱ्या मुलीचं काय करायचं, हे कुणालाच ठाऊक नसतं. तिच्यासाठी घरात खुर्ची मांडलेली नसते.

पप्पांनी विचारलं, “मंग काय करायचंय?”

मी रेणुकाताईंचं सांगायला लागले. कॉम्प्युटर शिकायचं, मग कंपनीत काम करायचं, मग माणसांकडून काम पुरं करून घ्यायचं शिक्षण घ्यायचं. बोलता बोलता मलाच दिसत होतं की ते ऐकायला किती पोकळ वाटतंय. डॉक्टर म्हटलं की गळ्यातला स्टेथोस्कोप दिसतो. मी सांगत होते त्या कामाला दाखवायला काही नव्हतं. मामा म्हणाले, “हे काय कॉलेज असतं का? कुठं हाय ते? नांदेडला हाय? लातूरला हाय?” नव्हतं. तरी मी मागं हटले नाही. पप्पा उठले, सायकल घेतली आणि बाहेर गेले. जाताना एवढंच बोलले, “सगळ्या वस्तीला काय सांगू मी?”

त्यांच्या या प्रश्नातलं दुःख मला तेव्हाही समजत होतं. आमच्या आधीच्या पिढ्यांना ज्या दारात उभं केलं नाही, त्या दारावर लेकीच्या नावाची पाटी लागावी, हे त्यांचं स्वप्न हलकं नव्हतं. पण ज्या शिक्षणानं आम्हाला मान वर करून बोलायला शिकवलं, त्या शिक्षणाची वाट निवडतानाच मी मान खाली घालायची? हे मला पटलं नाही. आजही पटत नाही.

मी रेणुकाताईंना फोन लावला. त्यांनी लाडीगोडी केली नाही. “पहिल्याच दिवशी मॅनेजर होता येत नाही. आधी ही वस्तू बनते कशी ते शिक, नाहीतर पोरं तुला रोज गंडवतील. मग दोन-तीन वर्षं दुसऱ्याच्या हाताखाली काम कर. चुका होताना जवळून बघ. मॅनेजमेंटची पदवी त्यानंतर. हा क्रम उलटा करू नको.” मी वहीत तो क्रम लिहून घेतला. जगात कुणीतरी मला स्वप्नाऐवजी क्रम सांगत होतं.

नांदेडला इंजिनिअरिंगची चौकशी करायला गेले तेव्हा खिडकीतल्या माणसानं गुणपत्रिका उलटून पाहिली. “गणित न्हाई? मंग इकडं कशाला आली?” मामांच्या त्या फुलीची खरी लांबी मला त्या खिडकीपाशी कळली. मग तिथूनच चौकशी करत निघाले. बीसीएला बायोवालीही चालते, हे तिसऱ्या कॉलेजात कळलं.

प्रवेशाच्या दिवशी पप्पा येणार नाहीत हे उघड होतं. पहाटे आईनं भाकरी बांधली आणि नवी साडी नेसून उभी राहिली. “चल. सही मला येती.” एसटीत भोकरपासून नांदेडपर्यंत तिनं कागदांची पिशवी मांडीवर धरून ठेवली. कॉलेजच्या खिडकीपाशी मला मागं सारून क्लार्कला म्हणाली, “ह्यात नापास झालं तर परत बसता येतं का?”

क्लार्क गोंधळला. “हाव, येतं की.”

“मंग टाका नाव.”

आई माझ्या बाजूची होती की नव्हती, मला आजही सांगता येत नाही. तिला फक्त माझ्यासाठी परतीची वाट उघडी हवी होती. तिनं सही केली, एकेक अक्षर थांबून थांबून, आणि पेन टोपण लावून क्लार्कला परत दिलं.

बीसीएची तीन वर्षं मी काही चमकले नाही. प्रोग्रामिंग मला कष्टानं यायचं. नातेवाइकांत हसू व्हायचं, “डॉक्टरीण होणार होती, आता नेटकॅफे टाकती.” गणित मी पुन्हा पहिल्या पायरीपासून शिकले आणि त्या फुलीवर रोज थोडा थोडा सूड उगवला. शेवटच्या वर्षी आमच्या गटाचा प्रकल्प सगळ्यांच्या आधी पुरा झाला, तेव्हा आमचे सर म्हणाले, “तू स्वतः काय केलंस यात? नुसतं पोरांना हाकलंस.” मी म्हटलं, “सर, बाकीच्या गटांना हाकणारं कुणी नव्हतं म्हणून ते अजून बसलेत.” मार्क कापले त्यांनी. कापू देत.

मग नांदेडातल्या एका छोट्या कंपनीत दुसऱ्यांच्या कामातल्या चुका शोधायची नोकरी. तीन वर्षं. नोकरी करत करत घरून मॅनेजमेंटची पदव्युत्तर पदवी. आता पुण्याच्या एका कंपनीचं काम मी नांदेडला बसून बघते. एकदा ऑनलाइन बैठकीत माझ्या तोंडून “हाव” गेलं आणि कुणीतरी फिस्सकन हसलं. त्या दिवसापासून मी प्रत्येक बैठकीत एकदा तरी ठरवून “हाव” म्हणते. आता तेही म्हणतात.

आणि पप्पा? ते बोलायला लागले, पण माझ्या कामाबद्दल कधीच नाही. मागच्या वर्षी आमच्या कंपनीनं एका दवाखान्याची नोंदणीची यंत्रणा केली. ते काम माझ्याकडं होतं. पप्पांना तेवढं पुरलं. ते गावात सांगायला लागले, “पोरगी दवाखान्याच्या कामात हाय.” ऐकणारे उरलेलं आपल्या मनानं भरून घ्यायचे.

हे मला कळलं ते या मे महिन्यात, हिमायतनगरला एका लग्नात. मांडवात उकाड्यानं जीव जात होता. पप्पांच्या ओळखीतली एक म्हातारी माझ्याजवळ येऊन बसली आणि गुडघ्यावरचं लुगडं सावरत म्हणाली, “डॉक्टरीण बाई, चढताना लई कळ मारती गं इथं.” पप्पा दोन खुर्च्या सोडून बसले होते. त्यांनी ऐकलं. माझ्याकडं बघितलं. त्या नजरेत विनंती होती, एका दुपारपुरती.

मी देऊ शकले असते. एखादं तेल सांगितलं असतं, सगळ्यांचं राहिलं असतं. पण आठ वर्षं मी जे जपलं होतं ते एका दुपारसाठीसुद्धा खाली ठेवायचं नव्हतं.

“मी डॉक्टर न्हाई, आजी,” मी म्हटलं. मोठ्यानं म्हटलं. आजूबाजूच्या माना वळल्या.

“मंग? तुझा बाप तर…”

“दवाखान्यातल्या कॉम्प्युटरचं काम लई जण मिळून करत होते. कोण काय करणार, कधी करणार, कुठं अडलं, हे मी बघत होते. ते काम ठरल्या दिवशी पुरं करून देणं ही माझी जिम्मेदारी.”

म्हातारीनं क्षणभर विचार केला. “म्हंजे मुकादम की गं तू.”

“हाव. मुकादम.”

“बाईमाणूस मुकादम!” तिनं कडाकडा बोटं मोडली. दृष्ट काढली की काय केलं, ठाऊक नाही.

परत येताना पप्पा गाडी चालवत होते, मी मागं. बराच रस्ता ते समोर बघून गाडी हाकत राहिले. मला वाटलं, पुन्हा एक जून सुरू झाला. मग वाऱ्यातून त्यांचा आवाज आला.

“खांबावर चढायच्या आधी आम्ही सबस्टेशनला फोन लावतो. तिथला माणूस लाइन बंद करतो, वहीत लिहितो, आणि मी खाली उतरलो असं सांगेपर्यंत कुणाला बटणाला हात लावू देत न्हाई. तो कधी खांबावर चढत न्हाई. पण त्याच्यानं चूक झाली, तर मी वरच संपलो.”

वाऱ्यात नीट ऐकू यावं म्हणून मी पुढं झुकले.

“तीस वर्षं मी त्या माणसाच्या भरवशावर वर चढलो. त्याचं काम लहान हाय, असं कधी वाटलं न्हाई मला.” त्यांनी गाडीचा वेग कमी केला. “तुझ्या हाताखाली किती माणसं हायत?”

आठ वर्षांत त्यांनी माझ्या कामाबद्दल विचारलेला हा पहिला प्रश्न होता.

“हाताखाली न्हाईत, पप्पा. बरोबर हायत. चौदा.”

“चौदा.” त्यांनी तो आकडा एकदा स्वतःशी म्हणून पाहिला. “त्यात पोरी किती?”

“सहा.”

पुढं एक ट्रक होता. तो निघून जाईपर्यंत ते थांबले. मग म्हणाले, “आता कुणी इचारलं तर मीच सांगतो. तू मधी बोलू नको.”